कायद्याचा डाव

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझे कोपरे बघा, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखे गोल झालेत. अंगाला हळदीचा, चहाचा आणि माणसांच्या बोटांचा वास येतो. मी पत्त्यांचा कॅट आहे. पानं बावन्न, पण तोंड एकच, आणि ते तोंड आज रागानं भरलेलं आहे.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार शहाण्यासारख्या बोलतात. मोडकी छत्रीसुद्धा शेवटी म्हणते, "माझी कुणाबद्दल तक्रार नाही." माझी आहे. ती ऐकायची तयारी असेल तर बसा, नाहीतर खेळायला जा.

मी एका मोठ्या छापखान्यात जन्मलो. लांबरुंद पुठ्ठ्यावर आम्ही सगळे शेजारीशेजारी छापले गेलो. राजाला दुर्रीचा शेजार, गुलामाला एक्क्याचा. मग यंत्रानं कापलं, रचलं, डबीत घातलं. तोवर आमच्यात कुणी लहान नव्हतं, कुणी मोठं नव्हतं. ते सगळं माणसांच्या हातात गेल्यावर सुरू झालं.

तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. पडेगावचे तात्यासाहेब विहिरीच्या इंजिनाचा पट्टा घ्यायला शहरात आले आणि जाताजाता गुलमंडीतल्या एका दुकानातून मला घेऊन गेले. हौस म्हणून नव्हे. घरात तिन्ही लेकरांना गोवर आला होता. चतुराबाईंनी त्यांना अंधाऱ्या खोलीत कोंडून दाराला लिंबाचा डहाळा लावला होता, आणि लेकरं अंग खाजवून, भांडून भांडून आईचा जीव खात होती. तात्यासाहेबांनी दारातूनच डबी आत फेकली. "घ्या, पण गप बसा."

डबी द्वारकाच्या मांडीत पडली. ती थोरली. तिच्या पाठचा आप्पा, आणि शेंडेफळ बन्सी. आप्पानं झडप घालून मला ओढलं.

"पत्ते पोरांचे असतेत. पोरीनं नाय खेळायचं."

"कुणी सांगितलं?"

"कायदाच हाय तसा."

"कुठं हाय? दाव."

आप्पाला दाखवता येईना. त्याला खेळताही येत नव्हतं. राजा मोठा का गुलाम मोठा, एवढंही त्या दोघा भावांना ठाऊक नव्हतं. द्वारकालाही नव्हतं, पण तिला दुसरं एक कळत होतं.

"असं करू," ती म्हणाली. "कुणालाच येत नाय तर आपणच कायदे करू. जो डाव जिंकल, त्यानं एक नवा कायदा करायचा. तो खेळ उठेपर्यंत चालायचा. पण कायदा सगळ्यांला सारखा. कुणाचं नाव घेऊन करायचा नाय."

"आन बदलायचा आसला तर?" बन्सीनं विचारलं.

"मंग पुढला डाव जिंक आन बदल. मधीच नाय."

मित्रांनो, नीट ऐकून ठेवा. अंगावर गोवराचे फोड असलेल्या एका पोरीनं अंधारात बसून हे ठरवलं. मी त्यानंतर पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण खेळाचं इतकं सरळ बूड कुणी बांधलेलं पाहिलं नाही.

असा आमचा 'कायद्याचा डाव' सुरू झाला. काय एकेक कायदे! किल्वर टाकताना नाकाला हात लावायचा. गुलाम ज्याच्या हातून पडेल त्यानं सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. राणी आली की गाणं म्हणायचं, आणि हसला त्याचा जिंकलेला एक हात गेला. आता तुम्हीच सांगा, बन्सी नाक धरून गाणं म्हणत असताना न हसणं कुणाला जमेल? दारात उभ्या चतुराबाई पदर तोंडात कोंबून हसायच्या. "मेल्यांनो, गोवर उतरला तरी उठू नका आता," म्हणायच्या.

गोवर गेला, डाव राहिला. सुट्टीत भावकीतली पोरं यायची. लग्नघरी हळदीच्या दुपारी मला मागून न्यायचे. एकदा तात्यासाहेब स्वतः बसले, हरले, आणि द्वारकानं कायदा केला की राजा हातात असलेल्यानं उभं राहून खेळायचं. आख्ख्या गावाला बसवणारा माणूस स्वतःच्या ओसरीत कोंबड्यासारखा उठबस करत राहिला! पण कायदा मोडला नाही. मी त्या दिवसांत खूप कौतुक खाल्लं. पडेगावात तेव्हा कुणाच्या घरी मला 'जुगाराचं साधन' म्हटलं गेलं नाही. आणि खरं सांगू का, जुगार मी कुणालाच शिकवला नाही. माणसं स्वतःच शिकून येतात आणि नाव माझं घेतात.

द्वारकाचं लग्न पैठणला झालं. ती दर दिवाळीला यायची. भाऊबीजेची ओवाळणी झाली, जेवणं आटोपली की पहिलं वाक्य तिचं, "कुठंय रे तो कॅट?" आप्पाचं लग्न झालं, सरूबाई घरात आली. तीही खेळायला बसू लागली. पण सरूबाईचं खेळणं म्हणजे एक डोळा हातातल्या पानांवर आणि एक चुलीवर. ती कधी जिंकली नाही. जिंकायला आली की तिला नेमकं दुधाचं आठवायचं. आणि ती उठून गेली की आप्पा तिची पानं उचलून आपल्यात मिसळायचा. "नवरा-बायको एकच की," म्हणायचा. सगळे हसायचे. मी तेव्हाही हसलो नव्हतो.

मग दिवस पालटले. द्वारकाचा नवरा पडेगावला आला असताना तापाचं निमित्त होऊन गेला. एक लेक होती, तिचं तिनं लग्न करून दिलं आणि पैठण सोडून चिकलठाण्याला आली. तिथं एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं, भाड्याच्या खोलीत राहिली. आप्पाचे आप्पासाहेब झाले. घरात आधी टीव्ही आला, मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. मी फडताळात औषधाच्या बाटल्यांमागे जाऊन पडलो. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, द्वारकाबाई आली की तेवढा बाहेर निघायचो.

पण डावाची चव बिघडत चालली होती. बिघाड कसा सुरू होतो ते मला विचारा. आप्पासाहेब एकदा जिंकले आणि म्हणाले, "ह्या घरात जो राहतो त्याची पहिली उतारी." सगळे हसले. पुढल्या दिवाळीला म्हणाले, "पाहुण्यानं जिंकलेला हात अर्धा धरायचा." तेव्हाही सगळे हसले. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं! पण त्या ओसरीत पाहुणी एकच बसलेली होती. द्वारकाबाईसुद्धा हसली. माहेरात हसावं लागतं. बन्सी तर आप्पासाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच हसायचा, त्याला ती सवयच लागली होती.

मला राग कधी आला ते सांगतो.

चतुराबाई आधीच गेल्या होत्या, मग तात्यासाहेब वारले. शेतावर तिन्ही लेकरांची नावं लागली, दोन भावांची आणि द्वारकाबाईचंही. हा काही कुणाचा उपकार नव्हता, देशाचा कायदाच तसा आहे. आणि त्याच सुमाराला दौलताबाद रस्त्याच्या कडेची जमीन एकदम सगळ्यांना गोड लागायला लागली. काल जिथं बाजरी उभी होती तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले. आप्पासाहेबांच्या दारात गाड्या थांबायला लागल्या.

इकडं द्वारकाबाईच्या कॅन्टीनचा ठेकेदार बदलला. नव्यानं जुन्या बायांना घरी बसवलं. तिचे गुडघे तसेही थकले होते. तिच्या मनात एकच गोष्ट होती. विहिरीजवळचा तुकडा आपल्या वाट्याला यावा, त्यावर पत्र्याची एक खोली टाकावी, दोन शेळ्या पाळाव्यात आणि भाडं न भरता मरावं. हे तिनं सरूबाईला चुलीपाशी सांगितलं होतं. मी फडताळातून ऐकलं होतं.

त्या भाऊबीजेला तिनं सकाळी दोन्ही भावांना ओवाळलं. आप्पासाहेबांनी तिच्या ताटात भरजरी साडीचा भला मोठा खोका ठेवला. एवढी भारी साडी त्या घरानं तिला लग्नातही दिली नव्हती. आणि खोका ठेवताठेवता ते सहज म्हणाले, "आक्का, उद्या सकाळी तालुक्याला जाऊन येऊ. हक्कसोड करून टाकू. लई येळ लागत नाय, नुसती सही."

तुम्ही लहान आहात, म्हणून सांगतो. हक्कसोड म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावाला लिहून द्यायचा. सगळ्याच बहिणी देतात, असं म्हणतात. न दिला तर काय होतं, ते कुणी मोठ्यानं सांगत नाही. ते प्रत्येक बाईला ठाऊक असतं. माहेरचं दार बंद होतं.

द्वारकाबाईनं साडीच्या खोक्यावरून हात फिरवला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. जेवणं झाल्यावर नेहमीसारखीच म्हणाली, "कुठंय रे तो कॅट?"

ओसरीत सतरंजी पडली. आप्पासाहेब, द्वारकाबाई, बन्सी आणि सरूबाई, असे चौघं बसले. तेरा तेरा पानं. जास्त हात करील तो जिंकला. उतारी आळीपाळीनं फिरायची, आणि ज्याची उतारी त्यानं त्या डावाचा हुकूम सांगायचा.

पहिला डाव आप्पासाहेबांनी मारला. मांडीवर थाप मारून म्हणाले, "माझा कायदा असा. तीन डाव खेळायचे. तिसरा जो जिंकल त्यानं एक गोष्ट मागायची, आन ती बाकीच्यांनी मान्य करायची. मागं फिरायचं नाय."

बन्सी हसला. सरूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि पदर सारखा केला. आप्पासाहेब काय मागणार ते गोठ्यातल्या म्हशीलाही कळलं असतं. सही त्यांना तशीही मिळणार होती. पण त्यांना ती हसतखेळत हवी होती, म्हणजे पुढं कुणी बोलायला नको. म्हणे आक्कानं हरून दिली, खुशीनं दिली!

"शब्द?" द्वारकाबाईनं विचारलं.

"आप्पासाहेबाचा शब्द हाय. दगडावरली रेघ."

दुसराही डाव त्यांनीच मारला. आता तिसऱ्याला उतारी द्वारकाबाईची होती, म्हणजे हुकूम तिनं सांगायचा. हुकूम हातात असणं म्हणजे अर्धा डाव जिंकणं. आप्पासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"कायदा क्रमांक दोन. बांगड्यावाल्यांनी हुकूम सांगायचा नाय. त्यांची उतारी पुढच्याला जाईल."

"नाव घेऊन कायदा करायचा नाय, ठरलंय ना आप्पा?"

"नाव कुठं घेतलं? बांगड्या म्हणलं मी." ते बन्सीकडं पाहून डोळा मिचकावत होते. "चला, आक्काची उतारी गेली. बन्सी, सांग हुकूम."

बन्सीनं हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. त्याची नजर सतरंजीवर खिळली होती.

द्वारकाबाईनं पानं खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. तव्याच्या चटक्यांनी काळवंडलेले, मनगटापासून कोपरापर्यंत मोकळे हात.

"कुठं हायेत रे?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बघ की. ह्याच ओसरीत फुटल्या. तूच मला धरलं व्हतं तव्हा."

मित्रांनो, त्या हातांनी सकाळीच त्याला ओवाळलं होतं. निरांजन त्याच्या तोंडाभोवती फिरत होतं तेव्हा ते हात त्याच्या डोळ्यांपुढं होते. आणि त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं की आपल्या बहिणीच्या हातांत बांगड्या नाहीत! इतक्या दिवाळ्या तिनं मोकळ्या हातांनी आरती धरली, आणि त्यानं कधी पाहिलंच नाही. त्याला बाई दिसली, म्हणून त्यानं मनातल्या मनात तिच्या हातांत बांगड्या भरून टाकल्या. मी नुसता कागद आहे, पण त्या क्षणी मला हात असते ना, तर मी ते त्याच्या मिशीवर वापरले असते.

आप्पासाहेबांचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. "बरं, मंग बायांनी हुकूम सांगायचा नाय, असं धरा."

"डाव जिंक आन बदल," द्वारकाबाई म्हणाली. "मधीच नाय."

तो कायदा त्या ओसरीत आता एकट्या सरूबाईला लागू होता. हिरव्या बांगड्यांनी भरलेले हात तिनं पदराखाली घेतले.

"इस्पिक हुकूम," द्वारकाबाईनं सांगितलं, आणि पान टाकलं.

तो डाव मी कधी विसरणार नाही, कारण चौघांच्याही हातात मीच होतो आणि सगळ्यांचं सगळं मला दिसत होतं. आप्पासाहेब पान टाकत नव्हते, आपटत होते. माझी पाठ दुखली. द्वारकाबाई हळू टाकायची, पोळी तव्यावर टाकावी तशी. बन्सीचे एकदोन हात झाले आणि त्याचा बहर ओसरला. शेवटी बहीण-भावाचे हात सारखे झाले. आता दोनच हात उरले.

द्वारकाबाईनं बदामची दश्शी उतरली. आप्पासाहेबांनी बदामची नश्शी टाकली आणि दात खाल्ले, मोठं बदाम आधीच खर्चून बसले होते. बन्सीचं पान फालतू पडलं. राहिली सरूबाई. तिच्याकडं बदाम नव्हतं. तिच्याकडं इस्पिकचा गुलाम होता आणि चौकटची तिर्री होती. गुलाम टाकला की हुकूम बसला, हात तिचा, आणि पुढली उतारीही तिची. मग शेवटचा हात चौकटच्या राणीवर आप्पासाहेबांना जाणार होता, ती राणी त्यांच्या मुठीत घामानं भिजत होती.

"टाक की गं," ते खेकसले. "दूध उतू चाललं का काय?"

सरूबाईनं तिर्री टाकली.

नंतरचा हात त्याच इस्पिकच्या गुलामावर सरूबाईचाच झाला, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. डाव द्वारकाबाईनं एक हात जास्त करून जिंकला होता. अंगणातून फटाकड्यांचा आवाज येत होता.

"माग आक्का," बन्सी हळूच म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघालं, ते त्याच्या मानानं लई झालं.

"विहिरीजवळचा तुकडा मोजून माझा मला द्या. मी तिथं पत्र्याची खोली टाकते. बाकी समदं तुमचं तुमाला. सही मागू नका."

आप्पासाहेब मोठ्यानं हसले. "येडी का काय तू? खेळ हाय हा! खेळात कुणी जमीन देतं व्हय? पोरासोरांचे पत्ते!"

"शब्द म्हणला व्हतास."

"खेळातला शब्द!"

"आन तू जिंकला आसतास तर? मंग काय मागणार व्हतास?"

हे बघा मित्रांनो, माझा सगळा राग इथं साठलेला आहे. तो जिंकला असता तर तो शब्द होता, दगडावरली रेघ होती. ती जिंकली तर तो पोरासोरांचा खेळ झाला. कायदे करायचे त्यानं, वाकवायचे त्यानं, आणि तरीही हरला, तर खेळच खोटा ठरवायचा तोही त्यानंच! मी कागदाचा आहे, पाण्यानं विरघळतो, उंदीर मला कुरतडतात. पण माझ्यात सत्ती ही सत्तीच राहते, ती कुणाच्याही हातात असो. एवढं माणसाला का जमू नये?

"तू तसंबी सही करणारच व्हतीस की," आप्पासाहेब शेवटी म्हणाले. आवाजात आता गूळ होता. "कामून एवढं मनाला लावून घेतीस? बहीण-भावात काय कोरट-कचेऱ्या?"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली. "करणार व्हते. सकाळी चिकलठाण्याहून निघाले तव्हाच ठाऊक व्हतं तू सही मागणार, करायचीच म्हणून निघाले. म्हणलं, तुकडा गेला तर जाऊ दे, दिवाळीला एक दार तर ऱ्हाईल. पण आप्पा, ज्या दारात माझे हातबी कुणाला दिसत नाय, ते दार घेऊन मी काय करू?"

"मंग ह्या घराची पायरी चढू नको!"

आणि त्यांनी मला उचलून अंगणात फेकलं. दावणीत पडलो, शेणात पडलो, वाऱ्यानं काही पानं रस्त्यापर्यंत गेली. राजे, राण्या सगळे उताणे. द्वारकाबाईनं खाली वाकून काही गोळा केलं नाही. साडीचा खोका तिनं सतरंजीवर ठेवला, चप्पल घातली आणि पडेगावच्या थांब्याकडं चालू लागली. बन्सी दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

मला गोळा केलं ते सरूबाईनं. एकेक पान पदरानं पुसलं. किल्वरची छक्की सापडली नाही, तेव्हा तिनं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा माझ्या मापानं कापला आणि त्यावर पेनानं छक्की काढली. फुलं वाकडी आली, काही मोठी, काही बारकी. माझ्या सगळ्या पानांत मला आता तेच पान जास्त आवडतं.

द्वारकाबाईनं खेटे घातले. कचेरीतल्या लोकांनी तिला बसवलं, उठवलं, पुन्हा बोलावलं. "भावाशी मिटवून घ्या ना बाई," असं जो तो सांगे, जणू बिघडवलं तिनंच होतं. भावकीनं तिला लग्नाकार्याला बोलावणं सोडलं. शेवटी मोजणी झाली, विहिरीजवळचा तुकडा तिच्या नावानं निघाला आणि त्यावर पत्र्याची खोली उभी राहिली. ती आप्पासाहेबांच्या ओसरीतून दिसते. पत्रा दुपारी चमकतो, म्हणून ते आता खुर्ची उलटी करून बसतात.

त्यानंतरची भाऊबीज आली. आप्पासाहेबांच्या कपाळाला कुणी टिळा लावला नाही. दुपारी ते ओसरीतच बसले होते. सरूबाईनं फडताळातून मला काढलं, पिशवीत घातलं, आणि त्यांच्या समोरून पायरी उतरली.

"कुठं चाललीस?"

"खेळायला," ती म्हणाली. थांबली नाही.

भर दुपारी, आख्ख्या भावकीच्या डोळ्यांदेखत तिनं बांध ओलांडला. द्वारकाबाई शेळीला पाला टाकत होती. तिनं कंबर धरून वर पाहिलं.

"सरू? आप्पाला सांगून आलीस का?"

"त्यांला तिथून दिसतंच की. वाटा पत्ते."

दोघी दारातल्या गोणपाटावर बसल्या. पिशवीतून पानं काढताना सरूबाई खाली मान घालून म्हणाली, "मीबी दिली व्हती सही, आक्का. माहेरी, लाडसावंगीला. माझ्या भावानंबी खोकाच आणला व्हता. साडीला आतून भोक व्हतं. मी कुणाला सांगितलं नाय."

"आन भाऊ?"

"दोन दिवाळ्या आला. मंग येळ नाय म्हणला."

द्वारकाबाईनं पत्ते पिसले, वाटले. डाव झाला, आणि सरूबाई जिंकली. आपण जिंकलो हे तिला आधी कळेचना. पानं पुन्हा मोजली.

"बघती काय? कर कायदा," द्वारकाबाई म्हणाली.

मित्रांनो, ती बाई त्या घरात सून म्हणून आली तेव्हा मी नवा होतो म्हटलं तरी चालेल. इतक्या वर्षांत तिनं एकही कायदा केला नव्हता. ती विचार करत बसली. शेळी दोनदा ओरडली. सावली गोणपाटावरून सरकली. द्वारकाबाईनं घाई केली नाही.

"हरल तिनं चहा करायचा," सरूबाई शेवटी म्हणाली. "आन जिंकल तिनं बसून प्यायचा. उठायचं नाय."

द्वारकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला. सरूबाईनं दोन्ही पाय लांब केले. आधी एकदा उठायला बघितलं, सवयीनं. मग पुन्हा बसली. चहा उतू गेला, त्याचा वास आला, तरी ती उठली नाही. कायदा म्हणजे कायदा.

आता तुम्हाला वाटत असेल की मी सांगणार, पत्ते नीट ठेवा, ओले करू नका, कोपरे दुमडू नका. माझं राहू द्या. कागद आहे, आज ना उद्या फाटेन, नवा कॅट दुकानात मिळेल. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की तुमच्या घरी डाव बसला, नवेनवे कायदे निघायला लागले आणि सगळे हसायला लागले, की मोठ्यानं हसणाऱ्याकडं पाहू नका. ज्यानं अजून एकही कायदा केला नाही तो कुठं बसलाय ते शोधा. कदाचित तो पाणी आणायला गेला असेल. त्याला हाक मारा, बसवा, आणि म्हणा, आता तू सांग. तो लगेच बोलणार नाही. त्याला सवय नसते. तेव्हा थांबा.

थांबता येत नसेल, तर मला हात लावू नका.